मदत हवी आहे: सायप्रिनस-रोहूसाठी गळ किती नंबरचा?

उजनीच्या बॅकवॉटरला काठावरून गळ टाकतो. मासा बहुतेक सायप्रिनस, मधूनच रोहू. एक ते तीन किलोचा. तंगूस (गळाची नायलॉन दोरी) ०.३० मिमी, तळाला शिसं, आमिष कणकेची हरभऱ्याएवढी गोळी.

४ नंबरच्या गळाला (नंबर जेवढा लहान तेवढा गळ मोठा) ओढ जाणवते, पण झटका दिला की कणीक गायब, गळ रिकामा. कणकेत कापूस मळला. गोळी टिकते, मासा तरी लागत नाहीच. १० नंबरला लागतो, पण मोठा असला की गळ सरळ करून जातो (तारच बारीक होती म्हणा). गळांचा झुबका नको, एकच गळ वापरायचाय.

दुकानात ६ आणि ८, दोन्ही जाड तारेचे मिळतात. एवढ्या गोळीला कोणता घेऊ? आणि टोक कणकेबाहेर ठेवायचं की आत?