७ इंची सर्क्युलर सॉला हजारच्या आत कुठलं ब्लेड घ्यावं? प्लायची कड उपटतेय

बाल्कनी_सुतार
नमस्कार मंडळी, मी चिंचवडला असतो, सुतारकाम फक्त रविवारचं आणि तेही बाल्कनीत, खालच्या काकूंची वामकुक्षी सुरू व्हायच्या आत. ७ इंची सर्क्युलर सॉ घेतलाय सेकंडहँड, एका मिस्त्रीनं काम बदललं म्हणून विकला, सोबत २४ दात्यांचं ब्लेड आलं. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन त्यानं मस्त कापलं, चपलांचा रॅक झाला. पण मुलीच्या पुस्तकांसाठी कपाट करायला १८ एमएमचं प्लाय आणलं तर वरची कड अशी उपटली की उंदरानं कुरतडल्यासारखी दिसते. गावच्या जुन्या दाराचं थोडं सागवान पण आहे, ते उभं चिरायला गेलो की धूर निघतो आणि कड काळी पडते. ऑनलाइन ६० दात्यांचं तीनशेला दिसतंय, दुकानदार त्याच साइजचं चौदाशे सांगतो, आणि ऑफिसमधला एकजण म्हणतो कशाला पैसे घालवतो, घरात मार्बल कटर आहे ना, त्यालाच लाकडाचं ४ इंची ब्लेड लाव. कोणाचं ऐकू?

भुसा_भुसा
६० वर उडी नका मारू. दाते जास्त म्हणजे ब्लेड भारी असा समज आहे आपल्याकडे, तसं नसतं. दोन दात्यांमधे जी खाच असते ना तिच्यात भुसा बसतो आणि बाहेर फेकला जातो, ६० दात्यांना ती खाच एवढीशी राहते, मग सागवान उभं चिरताना भुसा आतच घासत बसतो आणि अजून जळतं. उभ्या चिरेला २४, प्लाय आणि सनमायकाला ६०, आणि दोन्हीकडे चालवून घ्यायचं तर ४०. तुमच्याकडे २४ आहेच, ४० घ्या, विषय संपला.

आणि प्लाय उपटतंय त्यात निम्मा दोष ब्लेडचा नाही. हातातल्या सॉचे दाते खालून वर येतात, म्हणून उपटते ती नेहमी वरची बाजू, तेव्हा चांगली बाजू खाली करून कापा. रेघेवर मास्किंग टेप दाबून लावा. ब्लेड प्लायच्या खाली ५-६ एमएमच निघेल इतकंच सोडा, पूर्ण सोडलं की दाते सरळ वर येतात आणि जास्त ढलप्या काढतात. खाली टीव्हीच्या खोक्यातला जाड थर्माकोल टाकला तर शीट लोंबकळत पण नाही.

नागदेवी_फेरी
तीनशेवालं वाईटच असतं असं नाही हो, फक्त बघून घ्या. दात्याच्या टोकाला पोलादाहून कठीण अशा कार्बाइडचा तुकडा बसवलेला पाहिजे, टीसीटी लिहिलेलं असतं, साधं पोलादी पातं प्लायच्या गोंदापुढे दोन शीटमधे बोथट होतं. तो तुकडा किती जाड आहे ते नखानं चाचपून बघा, स्वस्त ब्लेडला पापुद्र्यासारखा असतो म्हणजे परत धार लावायला काही उरतच नाही. मग ब्लेडच्या मधलं भोक. आपल्याकडच्या ७ इंचीत २० एमएम आणि २५.४ दोन्ही दिसतात, मोठ्या भोकाला रिंग टाकून बसवतात, चालतं, पण रिंग घट्ट बसली पाहिजे आणि ब्लेडपेक्षा जाड नको. आणि ब्लेडवर जास्तीत जास्त आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, छापलेला असतो तो तुमच्या मशीनपेक्षा वरचाच हवा. छापलेलाच नसेल तर फुकट मिळालं तरी घेऊ नका.

मी स्वतः मुंबईला नागदेवी स्ट्रीटला जाऊन हातात घेऊन, काचेवर आडवं ठेवून बघतो डुलतंय का. पुण्याहून तेवढ्यासाठी यायची गरज नाही, भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या आसपास विचारा.

फणसाची_फळी
मार्बल कटरबद्दल मी बोलते कारण मी ते करून बसलेय. आम्ही सावंतवाडीचे, अंगणातला फणस पडला, त्याच्या फळ्या कापायला कटरला लाकडाचं ब्लेड लावलं, सगळेच लावतात म्हणून. फळी मधे आवळली, ब्लेड अडकलं आणि आख्खं मशीन उलटं अंगावर आलं, हात सुटला नाही हे नशीब, पण डाव्या अंगठ्याचं नख गेलं. ते मशीन मिनिटाला १२-१३ हजार फेरे मारतं, तुमचा सॉ ५-६ हजार. शिवाय त्याचं गार्ड फक्त वरून, खाली दाते उघडेच. दगड आणि टाइल्ससाठी आहे ते, दगडाच्या चकतीला दाते नसतात, हा फरक कोणी सांगतच नाही. बाकी खोली जेमतेम ३० एमएम मिळते, तुमचं दार तर त्याहून जाड असणार.

जुनी_करवत
२४ दात्यांनी सागवान जळत असेल तर दाते मोजून काय उपयोग, ब्लेड घाण आहे किंवा बोथट आहे. पाइनचा चीक चिकटतो तो दिसत नाही पटकन. नवं घ्यायच्या आधी हे धुवा. मशीनची पिन काढून, ब्लेड सोडवून गरम पाण्यात भांड्याचं लिक्विड आणि चमचाभर धुण्याचा सोडा टाकून वीसेक मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशनं दाता दाता घासा, लगेच पुसा, मशीनच्या तेलाचा हात फिरवा. मग एक एक दाता उजेडात बघा, टोक चमकलं म्हणजे गोल झालंय. खोक्याच्या लाकडात खिळे असतात, एकदा जरी लागला असेल तर कार्बाइडचा टवका उडालेला असेल. यापुढे कापायच्या आधी चुंबक फिरवत जा. सागवानात सिलिका असतं, तेही धार खातं, म्हणून दाराचं काम झालं की बघत राहा. धारवाले दात्यामागे पैसे घेतात, चांगल्या ब्लेडला परवडतं, तीनशेवाल्याला नाही. म्हणून मी सांगेन एकच बरं घ्या आणि तीन-चारदा धार लावून वापरा.

भुसा_भुसा
काका, हौशी माणूस वर्षाला चार शीट कापणार, त्याला कशाला धारवाला!

जुनी_करवत
चार शीट म्हणता म्हणता चाळीस होतात. माझं तसंच झालं.

बाल्कनी_सुतार
धुतलं हो काका. पाणी चहासारखं झालं, बायको विचारते कसला काढा करतोय. दोन दात्यांचे टवके गेलेत, बाकी बरे आहेत, आणि सागवानाचा धूर खूपच कमी झाला. पूर्ण गेला नाही, पण हातानं सरळ ढकलायचा जरा प्रॉब्लेम आहे, आता फळीला शिकंजे लावून तिच्या कडेनं चालवून बघतो. खालचं गार्ड मिस्त्रीनं तारेनं वर बांधून ठेवलंय, त्यामुळे रेघ तरी छान दिसते.

फणसाची_फळी
दादा ती तार आधी तोडा, ब्लेडचं नंतर बघू!! कापून झाल्यावर सॉ मांडीजवळ येतो तेव्हा ब्लेड फिरतच असतं.

जुनी_करवत
हेच लिहायला आलो होतो. पिन काढून तार तोडा, गार्ड बोटानं मागे ओढून सोडा, फटकन बंद व्हायला हवं. आत भुसा साचून अडकतं बऱ्याचदा, ब्रशनं साफ करा. स्प्रिंग गेली असेल तर नवी टाकल्याशिवाय कापू नका, ब्लेडच्या बजेटमधून काढा पैसे.

बाल्कनी_सुतार
तार तोडली. भुसाच होता, मूठभर निघाला, आता बंद होतं पण जरा आळसटल्यासारखं, म्हणून स्प्रिंग पण बदलून घेतो. ४० दात्यांचं टीसीटी बघून ठेवलंय साडेसहाशेला, आरपीएम ८००० छापलाय, भोक मात्र २५.४ आहे आणि सोबतची रिंग हलते. घट्ट रिंग सुटी मिळते का कुठे चिंचवड-पिंपरीत, का दुसरंच ब्लेड शोधू?

नागदेवी_फेरी
हलती रिंग नकोच, ब्लेड डुलणार. आधी २० एमएम भोकाचंच मागा, बहुतेक मिळेल. नाहीच मिळालं तर सॉ सोबत घेऊन जा आणि दुकानातच रिंग बसवून बघा.