डिस्कसची पिल्लं काळी पडली आहेत, खात नाहीत – मदत हवी आहे

नमस्कार,

डिस्कस (शोभेचे चपटे, गोल मासे) पाळणाऱ्या जाणकारांकडून तातडीने सल्ला हवा आहे. मी ठाण्यात राहते. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. तळाला वाळू-दगड काही नाही, दोन स्पंज फिल्टर, हीटर २९ अंशांवर. त्यात डिस्कसची सहा पिल्लं आहेत, दोन-सव्वादोन इंचांची, सगळी एकाच दुकानातून एकदम आणलेली. आल्यापासून मस्त खात होती. काचेजवळ हात गेला की सगळी पुढे यायची.

गेल्या आठवड्यापासून दोघं काळपट पडलेत. फिल्टरच्या मागे तोंड खाली करून उभे राहतात. खाणं टाकलं की एक जवळ येतो, दाणा तोंडात घेतो, दोनदा चघळल्यासारखं करतो आणि थुंकून टाकतो. दुसरा तर ढुंकूनही बघत नाही. दोघांची विष्ठा पांढरी, चिकट, दोऱ्यासारखी. कितीतरी वेळ मागे लोंबत राहते.

तिसऱ्याचं दुखणं वेगळंच दिसतंय. रंग चांगला आहे, खातोही, पण एकाच बाजूचा कल्ला हलतो, दुसरा घट्ट मिटलेला. मधूनच फिल्टरच्या नळीला अंग घासतो. बाकीचे तीन आजच्या घडीला ठणठणीत आहेत.

पाणी आज सकाळीच तपासलं: अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २० च्या आसपास, पीएच ७.४. रोज ४० टक्के पाणी बदलते. नवं पाणी रात्रभर पिंपात एअर पंप लावून ठेवते आणि तापमान जुळवूनच घालते. जिवंत ट्युबिफेक्स (खाण्याचे बारीक किडे) कधीच दिलेले नाहीत, पण दुकानात देत असावेत, आणि तिथे शेजारच्याच टाकीत एंजल मासे होते, म्हणून आजार तिथूनच आला असेल अशी शंका येते.

दुकानदार म्हणतो मिथिलीन ब्लू, खडेमीठ आणि एक पिवळी अँटिबायोटिक पावडर एकदमच टाका. मला हे पटत नाही. नेमकं काय झालंय हे न कळता एवढ्याशा जिवांवर तीन-तीन औषधांचा मारा कशाला करायचा?

मला विचारायचंय ते असं. हा हेक्झामिटा (आतड्यातला परजीवी) आहे की कल्ल्यातले फ्लूक (चिकटून राहणारे बारीक कृमी), की दोन्ही? आजारी दोघांना वेगळं काढू की सगळ्या टाकीलाच औषध देऊ? हेक्झामिटावर माणसांच्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या चालतात का, आणि त्या पाण्यात घालायच्या की खाण्यात? वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत कोणी घरचे मासे दाखवलेत का?

---

प्रतिसाद १

ताई, पाण्याचे आकडे दिलेत हे फार बरं केलंत, निम्मं काम तिथेच झालं. अमोनियाचा त्रास असता तर सहाच्या सहा जण धापा टाकत असते. एकाचाच कल्ला मिटलेला असणं आणि अंग घासणं म्हणजे बहुतेक फ्लूकच.

पांढऱ्या विष्ठेबद्दल मात्र जरा थांबा. मासा काही दिवस उपाशी असला तरी आतड्यातला चिकट स्राव तसाच पांढरा बाहेर पडतो. नुसत्या त्या एका लक्षणावर मी औषध दिलं नसतं. पण काळं पडणं, कोपरा धरणं आणि तोंडात घेतलेला दाणा थुंकणं हे सगळं एकत्र आलंय, म्हणून माझाही संशय हेक्झामिटावरच आहे. हा परजीवी थोड्या प्रमाणात धडधाकट डिस्कसच्या आतड्यातही असतो. प्रवास, गर्दी, दादागिरी यांचा ताण आला की बळावतो.

मी असतो तर त्या दोघांना ४० लिटरच्या वेगळ्या टाकीत घेतलं असतं आणि तुमच्या दोन स्पंज फिल्टरपैकी एक तसाच उचलून तिकडे लावला असता. ४० लिटरला २५० मिलिग्रॅम मेट्रोनिडाझोल, दिवसातून एकदा, पाच दिवस. दर वेळी पुढचा डोस देण्याआधी निम्मं पाणी बदलायचं. जे खाताहेत त्यांना खाण्यातून द्या, दहा ग्रॅम खाण्याला १०० मिलिग्रॅम. आतड्यातल्या रोगावर औषध पोटातून गेलं तर गुण जास्त येतो. न खाणाऱ्याला पाण्यातूनच द्यावं लागतं, इलाज नाही.

मिथिलीन ब्लू मुख्य टाकीत अजिबात नको. फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतील आणि तुमचा शून्यावरचा अमोनिया वर चढेल.

---

प्रतिसाद २

वरच्या दादांचं निदान पटलं, पण दोघांना वेगळं काढण्याबद्दल माझं मत उलटं आहे. एवढी लहान पिल्लं कळपाच्या बळावर जगतात. नव्या टाकीत दोघांनाच ठेवलं की भेदरतात आणि खाण्याचं नावही काढत नाहीत. शिवाय सहाही जण त्याच पाण्यात, त्याच विष्ठेत वावरलेत. तुमची टाकी तळापासून मोकळी आहे, तेव्हा सगळ्यांनाच द्या.

हिशोब करून देते. टाकीचं माप १८० लिटरच्या आसपास येतं, पण काठोकाठ भरत नाही, म्हणजे पाणी धरा १६०. त्याला १००० मिलिग्रॅम, म्हणजे मेट्रोनिडाझोलच्या ४०० मिलिग्रॅमच्या अडीच गोळ्या. खलबत्त्यात अगदी बारीक करा (तो खलबत्ता मग स्वयंपाकघरात परत नेऊ नका), कोमट पाण्यात ढवळा, फडक्यातून गाळून घाला. गोळीवरच्या आवरणाचा चोथा वर राहतो. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढून ठेवा, नाहीतर औषध तोच शोषून घेईल. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते, तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टरांना सगळं सांगून चिठ्ठी घ्या.

तापमान ३२ पर्यंत न्या, पण हळूहळू, दिवसभरात एखादा अंश. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि तुमचा तिसरा आधीच एका कल्ल्यावर श्वास घेतोय, म्हणून एअर स्टोन आधी वाढवा आणि मगच हीटरला हात लावा.

फ्लूकवर प्राझिक्वांटेल (कृमींवरचं औषध), लिटरला २ मिलिग्रॅम. ते मात्र आत्ता नको. पोटाचा कोर्स संपू दे, पिल्लं खायला लागू देत. आणि एकदा देऊन भागत नाही, फ्लूकच्या अंड्यांवर त्याचा परिणाम होत नाही. आठवड्याने पुन्हा द्यावंच लागतं. कुत्र्यांच्या जंतांच्या गोळ्या आणू नका, त्यांत बहुतेक वेळा प्राझिक्वांटेलबरोबर दुसरीही औषधं मिसळलेली असतात.

---

प्रतिसाद ३

औषधाआधी जमलं तर सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. जवळच्या सीनियर कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात विचारा, शिकवणारे सहसा आनंदाने मदत करतात. विष्ठा मात्र ताजी हवी, माशाच्या मागे लोंबतेय तीच. काचपट्टीवर टाकीच्याच पाण्याचा थेंब घालून लगेच बघायची. ४०० पटीवर बारीक ठिपके सुसाट पळताना दिसले तर शंका नको. वेळ गेला की हालचाल थांबते आणि मग काही कळत नाही. म्हणून टाकीतला नमुना नेण्यापेक्षा पिशवीत मासाच घेऊन गेलात तर बरं. कल्ल्याचा नमुना घरी काढायला जाऊ नका, दोन इंचांच्या पिल्लाला ते झेपणार नाही.

---

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. दोन इंचांच्या आजारी पिल्लाला पिशवीत घालून गाडीवरून न्यायचं धाडस मात्र होत नाही. शेजारच्या एक बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, त्या सूक्ष्मदर्शक घेऊन घरीच यायला तयार आहेत. ठिपके पळताना दिसले की त्याच दिवशी औषध सुरू करीन.

वेगळं काढायचं नाही असं ठरवलंय. न खाणारा तो एकटा पडला तर हाती लागणार नाही असं मलाही वाटतं. सगळ्या टाकीला पाण्यातून, आणि जे खाताहेत त्यांना खाण्यातूनही, असं दोन्ही एकदम दिलं तर जास्त तर होणार नाही ना? की खाणाऱ्यांना पाण्यातलंच पुरे? यावर कोणीतरी नक्की सांगा. आणि दुसरं काही न मिसळलेलं प्राझिक्वांटेल ठाणे-मुंबईत मिळत असेल तर दुकान कुठल्या भागात आहे तेही कळवा.