'सुपरहीरो'ला मराठीत काय म्हणावं?

(खानदेशातल्या पाच जणांच्या गप्पा. बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचं गाव दिलंय.)

चोपडा : शाळेच्या वाचनालयात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी वेगळा कप्पा करतेय. नायक पंधरा-सोळा वर्षांचा, अंगात अचानक शक्ती येते, रात्री गाव वाचवतो आणि सकाळी गणिताची वही विसरली म्हणून बाकावर उभा राहतो, अशा कादंबऱ्या. मुली त्या मानाने सगळंच वाचतात. पोरं मात्र हीच पुस्तकं मागतात. पाटी काय लावू? 'महानायकांच्या किशोरकथा' असं एका सहकाऱ्यांनी सुचवलंय. कानाला खटकतंय.

भुसावळ : खटकणारच, ताई. 'महानायक' म्हटलं की अमिताभ बच्चन, नाहीतर विश्वास पाटलांची सुभाषबाबूंवरची कादंबरी. 'महापुरुष' जयंतीच्या फलकावर असतात. 'अतिमानव' जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या चाहत्यांनी कधीच नेला. आणि हे तिन्ही शब्द थोरामोठ्यांचे. नुकतं मिसरूड फुटलेल्या पोराला ते ढगळ होतात. 'किशोर'चं म्हणाल तर बालभारतीचं मासिक १९७१ पासून निघतंय, उत्तम आहे, पण नववीतला मुलगा ते धाकट्या भावाकडे सरकवतो. 'कुमार' चालेल.

धुळे : इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली. त्यांच्या मराठी अंकांत फँटमचा 'वेताळ' झाला आणि तो रुळला, कारण वेताळ आपल्या गावांच्या शिवेवर आधीपासून होताच. सुपरमॅनला असं तयार स्थान नाही. मालेगावात बनलेल्या एका चित्रपटात यंत्रमागावरचा किरकोळ अंगाचा कामगार सुपरमॅन झाला, त्या चित्रपटाच्या खटपटीवर २००८ मध्ये माहितीपटही आला. बाकी सगळं तिथलं, नाव तेवढं सुपरमॅन. कुणाचं काही अडलं नाही. (मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे, माहीत आहे. नकाशा दाखवू नका.)

अमळनेर : 'सुपरहीरो'च ठेवा. आमच्या गल्लीतली पोरं सरळ म्हणतात, "हाऊ सुपरहीरो शे ना भो, उडस तो!" अहिराणीने पचवलेला शब्द प्रमाण मराठीने कशाला ओकायचा? डोकं लावायचं तर 'सीक्रेट आयडेंटिटी'ला लावा. अनुवादांत 'गुप्त ओळख' दिसतं, म्हणजे पोलिसांचा खबऱ्या वाटतो. आपल्याकडे 'अज्ञातवास' आहे की. ताकद आहे पण दाखवायची नाही, ओळखलं गेलं तर पुन्हा बारा वर्षं वनवास. १९६२ साली आलेला पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅनही शाळकरी पोर, काकूपासून सगळं लपवणारा.

चाळीसगाव : शब्द छान, अर्थ जुळत नाही. अज्ञातवासात माणूस पराक्रमासकट दडतो. इथे पराक्रम राजरोस चालतो, दडतो फक्त करणारा.

अमळनेर : मग कीचक कुणी मारला, दादा? रात्री नृत्यशाळेत भीमाने. नाव झालं गंधर्वांचं, आणि 'बल्लव' नावाने आचारी झालेला भीम परत विराटाच्या मुदपाकखान्यात. याहून नेमकं काय हवं?

चाळीसगाव : हे मान्य. पण हा बारीक धागा मूळ कथा माहीत असलेल्यालाच लागेल. पोरांपैकी किती जणांना बल्लव आठवेल, विचारून बघा.

चोपडा : विचारलं. बल्लव एकालाही नाही, कीचक मात्र निम्म्या वर्गाला. मालिकांची कृपा. 'अज्ञातवास' घेते. 'साइडकिक'चं काय?

भुसावळ : जोडीदार. आपल्याकडे रोज बोलतात तोच. फक्त एक ध्यानात ठेवा : १९४० मध्ये बॅटमनसोबत रॉबिन आला, तेव्हापासून कॉमिक्समधल्या पोरसवदा नायकांच्या वाट्याला बहुधा दुय्यम कामच आलं, पीटर पार्करला कुणाच्या मागे उभं राहावं लागलं नाही. तुमच्या कप्प्यातली पुस्तकं त्याच्या वळणाची. तेव्हा पाटीवर जोडीदार नको.

चोपडा : 'सुपरहीरो : कुमारांसाठी' रंगवायला दिलं. एका पुस्तकात पाठीवरच्या 'केप'ला 'झूल' केलंय, ते चालेल का?

धुळे : झूल पोळ्याला बैलावर घालतात, ताई. उपरणंही नको, कीर्तनकार उडाल्यासारखे वाटतील. केपच राहू द्या.