महिंद्राची एमएम ५४० जीप कायमची दोन इंच उंच करायची तर...
नुसत्या लांब शॅकलवर (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती पट्टी) भागेल का, असं विचारलंयत. शॅकल दोन इंच वाढवली की गाडी जेमतेम एक इंच उचलते, शिवाय पुढचा कॅस्टर, म्हणजे चाक सरळ ठेवणारा स्टीअरिंगच्या अक्षाचा कल, बिघडतो. मी हा उद्योग करून बसलोय; साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट उतरताना स्टीअरिंग नुसतं भरकटत होतं. त्यापेक्षा जास्त कमानीचे पाटे (लीफ स्प्रिंग) घ्या. शॉकॲब्सॉर्बर लांब हवेत. आणि ब्रेकचा होज, म्हणजे रबरी नळी! चाकं लोंबकळती सोडून बघा, माझा तारेसारखा ताणला होता. गिअरबॉक्सकडून ॲक्सलला फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोनही तपासा. पाट्यांच्या टोकांतल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच आवळा, नाहीतर बुश पिळवटून फाटतात. पाटे ॲक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट मात्र शंभरेक किलोमीटरनंतर परत आवळायचे. आमचे मिस्त्री हे हमखास विसरतात.