मदत हवी आहे: लस टोचलेली पाडी ब्रुसेला चाचणीत पॉझिटिव्ह, रोग की लसीचाच परिणाम?

नमस्कार मंडळी. गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या आतल्या बाजूला आमचा लहान गोठा आहे. दूध सोसायटीला घालतो. प्रश्न दोन पाड्यांचा. दोन्ही घरच्याच, जर्सी संकर. सहाव्या महिन्यात दोघींना सरकारी मोहिमेत एकाच दिवशी ब्रुसेलाची (गुरांचा गाभ पाडणारा, माणसालाही होणारा जंतूचा रोग) लस टोचली होती, कानात बिल्ले आहेत. आता दोघी दोन वर्षांच्या पुढे, पहिल्यांदाच गाभण, चौथा महिना.

शेजारच्या गोठ्यातली, बेळगावकडून आणलेली गाय सातव्या महिन्यात गाभडली, म्हणजे गाभ पडला. वारही अडकली. गुरं एकाच माळावर चरतात, एकाच ओहोळावर पाणी पितात, म्हणून आमच्या सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं. मोठ्या गायी निगेटिव्ह. पाड्यांपैकी एक मात्र रोझ बेंगॉल चाचणीत पॉझिटिव्ह. माझ्यासमोरच केली: प्लेटवर रक्तजलाचा थेंब, शेजारी गुलाबी औषधाचा थेंब, काडीने ढवळून प्लेट हलवत राहिले. एकीच्या थेंबात रव्यासारखे बारीक गुलाबी कण जमले, दुसरीचा तसाच गुळगुळीत.

आता सोसायटीत एकजण म्हणतो, लसीनेच रोग घातला. बाबा म्हणतात, डिचोलीचं गिऱ्हाईक आलंय, देऊन मोकळे व्हा. रोग असेल तर तो दुसऱ्याच्या गोठ्यात ढकलायला माझं मन होत नाही, आणि नसेल तर चांगली पाडी फुकट का घालवू? शिवाय जी निगेटिव्ह आली तिला लस लागलीच नाही असं समजायचं का? तिला परत टोचून घेऊ का?

प्रतिसाद (पशुवैद्य, सिंधुदुर्ग):
परत अजिबात टोचू नका, ती गाभण आहे. आपल्याकडे देतात ती एस-१९ ही जिवंत लस, गाभण गायीला टोचली तर गाभ पडू शकतो. म्हणूनच ती ४ ते ८ महिन्यांच्या पाड्यांना, आयुष्यात एकदाच देतात. नरांना देतच नाहीत, वृषणाला सूज येते.

आता चाचणीचं. लसीतला जंतू आणि रोगाचा जंतू, दोघांच्या अंगावरची साखळी, म्हणजे ओ-अँटिजन, सारखीच. रोझ बेंगॉल त्या साखळीविरुद्धची प्रतिपिंडं शोधते, ती कुणी उठवली हे तिला कळत नाही. प्रयोगशाळेतली नेहमीची एलायझा ही प्रतिपिंडांची चाचणीसुद्धा यात फारशी मदत करत नाही. पण लहानपणी टोचलेल्या पाडीत ही प्रतिपिंडं बहुधा काही महिन्यांत ओसरतात, दीड वर्षाच्या आसपास चाचणी साफ येते. तुमची दोन वर्षांच्या पुढची आहे आणि शेजारी गाय गाभडलेली. त्यामुळे 'लसीचंच असेल' म्हणून मी तरी सोडून देणार नाही. लसीची तारीख बिल्ल्याच्या बारा आकडी नंबरावरून नक्की करा. मोठेपणी टोचलं असेल तर प्रतिपिंडं बराच काळ टिकतात.

तीन-चार आठवड्यांनी दोघींचा दुसरा नमुना द्या. प्रतिपिंडांचं प्रमाण मोजून मागा, नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नको. वाढत असेल तर संसर्गाकडे बोट जातं. उद्या कोणी गाभडलीच, तर वार आणि गाभाच्या पोटातला द्रव पीसीआरला पाठवा. एस-१९ च्या जनुकांत ७०२ अक्षरांचा एक तुकडा गळालेला आहे, त्यावरून लस आणि रोग वेगळे ओळखता येतात.

निगेटिव्ह पाडीची काळजी नको. हा जंतू पांढऱ्या पेशींच्या आत शिरून राहतो, तिथे प्रतिपिंडं पोचत नाहीत. खरं काम टी-पेशी करतात: इंटरफेरॉन गॅमा नावाचं संदेश देणारं द्रव्य सोडून त्या पेशींना आतला जंतू मारायला लावतात. ते रोझ बेंगॉलला दिसत नाही. म्हणजे निगेटिव्ह असूनही संरक्षण असू शकतं. तशी ही लस शंभर टक्के राखत नाही. गाभडणं पुष्कळ कमी करते, एवढंच.

प्रतिसाद (पेडणे):
ब्रुसेलाचीच दुसरी लस आहे आरबी-५१, तिच्यात ही अडचण येत नाही म्हणे?

पशुवैद्य, सिंधुदुर्ग:
बरोबर. तिच्यात ती साखळी जवळजवळ नसतेच, म्हणून रोझ बेंगॉल फसत नाही. पण तिचा जंतू रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाला दाद देत नाही, आणि माणसाच्या ब्रुसेलावर डॉक्सिसायक्लिनबरोबर तेच औषध देतात. टोचताना सुई हाताला लागली तर पंचाईत.

धागाकर्ता:
आभार डॉक्टर. बाबांना वाचून दाखवलं, गिऱ्हाइकाला 'विकायची नाही' म्हणून कळवलं. पॉझिटिव्ह पाडी मागच्या पडवीत वेगळी बांधली आहे. एकच अजून: बाबा अडकलेली वार नुसत्या हाताने ओढतात, शेजाऱ्यांकडेही तेच गेले होते. त्यांनी काही तपासून घ्यावं का?

पशुवैद्य, सिंधुदुर्ग:
हो, या आठवड्यातच. ताप येत-जात असेल, रात्री घाम, सांधे किंवा कंबर दुखत असेल तर डॉक्टरांना गाभडलेल्या गायीचं आधी सांगा, नाहीतर मलेरियाच शोधत बसतील. यापुढे वारेला हातमोज्यांशिवाय हात नको, ती खोल खड्ड्यात चुना घालून पुरा, कुत्र्यांनी उकरता कामा नये. घरात कोणी गरोदर असेल तर त्यांना गोठ्यापासून लांब ठेवा. आणि दूध उकळूनच.