अनुभव धागा: मेडिकेड-मेडिकेअर घेणारी नर्स प्रॅक्टिशनर घराजवळ कशी शोधायची?

धागा काढणारी

अमेरिकेत सरकारी विमा (कमी उत्पन्न असलेल्यांना मेडिकेड, मुख्यतः ६५ च्या पुढच्यांना मेडिकेअर) मिळाला की अर्धं काम झालं असं वाटतं. मग फोन फिरवायला सुरुवात होते आणि 'नवीन पेशंट घेत नाही' हे वाक्य पाठ होतं. डॉक्टर मिळत नसेल तर नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एनपी, पाहा असं बरेच जण सुचवतात, पण नेमकी कशी शोधायची ते कुणी सांगत नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी इथे लिहा. आपबिती नको, रीत सांगा. राज्याचं नाव आवर्जून लिहा, कारण राज्य बदललं की नियम बदलतो.

भारतातून आलेल्या आईवडिलांसाठी आधी एक खुलासा. ही इंजेक्शन देणारी सिस्टर नव्हे. रजिस्टर्ड नर्स झाल्यावर मास्टर्स किंवा डॉक्टरेट, त्यावर राष्ट्रीय परीक्षा, असं शिक्षण असतं. ती तपासते, निदान करते, औषधं लिहून देते. नावापुढे एफएनपी असेल तर सगळ्या वयाचे पेशंट, पीएनपी म्हणजे मुलांची, पीएमएचएनपी म्हणजे मानसिक आरोग्याची.

न्यू जर्सीहून

पहिली चूक फोनवरच होते. "मेडिकेड घेता का?" असं विचारलं की रिसेप्शनवरची व्यक्ती "हो" म्हणते आणि बिल आल्यावर कळतं की तो 'हो' दुसऱ्याच प्लॅनसाठी होता. बहुतेक राज्यांत मेडिकेड खासगी कंपन्यांच्या प्लॅनमार्फत चालतं. आमच्याकडे त्याला एनजे फॅमिलीकेअर म्हणतात आणि कार्डावर होरायझन एनजे हेल्थ, एटना बेटर हेल्थ असं कंपनीचं नाव असतं. कंपनी तीच असली तरी नोकरीतून मिळणारा प्लॅन वेगळा आणि मेडिकेडचा वेगळा. म्हणून कार्ड समोर धरून प्लॅनचं पूर्ण नाव वाचून दाखवा आणि विचारा: ही एनपी, या पत्त्यावर, या प्लॅनचे नवीन पेशंट घेते का? तिन्ही गोष्टी एका वाक्यात. तीच एनपी सोमवारी एका शाखेत इन-नेटवर्क, म्हणजे प्लॅनशी करार असलेली, असते आणि गुरुवारी दुसऱ्या शाखेत नसते, कारण प्लॅनकडची नोंद पत्त्यासकट होते.

होकार मिळाला की लगेच कार्डामागच्या मेंबर सर्व्हिसेसच्या नंबरवर फोन करून त्यांच्याकडूनही खात्री करा. तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून ठेवा. याच फोनवर पीसीपी, म्हणजे प्लॅनकडे नोंदलेला तुमचा नेहमीचा डॉक्टर किंवा एनपी, बदलून घ्या. प्लॅनने आपोआप कुणीतरी नेमलेलं असतं, आणि ते नाव बदललं नाही तर काही प्लॅन क्लेम नाकारतात. बदल कधीपासून लागू ते विचारल्याशिवाय अपॉइंटमेंट घेऊ नका. बऱ्याचदा पुढच्या महिन्याची १ तारीख असते.

क्लिनिकच्या बिलिंगमध्ये काम करणारी, इलिनॉय

वरचं सगळं बरोबर. एनपी प्लॅनच्या यादीत का सापडत नाही, त्याचं कारण सांगते.

मेडिकेअर एनपीला डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के देतं. मात्र डॉक्टरने आधी ठरवलेल्या उपचाराचीच पुढची भेट असेल आणि डॉक्टर त्याच ऑफिसात किंवा थेट व्हिडिओवर हजर असेल, तर बिल डॉक्टरच्या नावाने जाऊन १०० टक्के मिळतात. त्यामुळे काही क्लिनिकं एनपीची स्वतंत्र नोंद करायला ढिलाई करतात. यादीत फक्त डॉक्टर दिसतो, प्रत्यक्षात तपासायला एनपी असते. म्हणून यादीत नाव नसलं तरी क्लिनिकला फोन करून पाहा. उलट बाजूही आहे: नवीन पेशंट किंवा नवीन तक्रार असेल तर डॉक्टरच्या नावाने बिल लावता येत नाही, एनपीची स्वतःची नोंद लागतेच.

पेशंटच्या फायद्याची गोष्ट अशी की मेडिकेअरचं बिल लावणाऱ्या एनपीला ठरलेला दरच घ्यावा लागतो. काही डॉक्टर वर १५ टक्क्यांपर्यंत जास्त लावू शकतात, तिला ती मुभा नाही. डॉक्टरचा दर १०० डॉलर धरला तर तिचा ८५. डिडक्टिबल (दरवर्षी आधी पेशंटने स्वतः भरायची रक्कम) भरून झालं असेल तर मेडिकेअर ६८ देतं, पेशंट १७. २०२५ मध्ये पार्ट बीचं, म्हणजे मेडिकेअरच्या डॉक्टरकडच्या भेटींच्या भागाचं, डिडक्टिबल २५७ डॉलर होतं. मेडिकेअरमधून पूर्ण बाहेर पडलेली एनपी मात्र हा हिशेब मानायला बांधील नाही, तेवढं आधी विचारा.

मेडिकेडमध्ये खरा घोळ औषधाच्या दुकानात होतो. रोख पैसे देऊन कुठल्याही एनपीकडे गेलात आणि ती राज्याच्या मेडिकेडमध्ये नोंदलेली नसेल, तर तिने लिहिलेलं औषध किंवा रक्ततपासणी नाकारली जाते. तपासणी ४० डॉलरची, औषध ३०० चं, असला 'स्वस्त' सौदा करू नका.

प्रश्न

ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं झालेली नाहीत अशा सासूसासऱ्यांचं काय?

कॅलिफोर्नियाहून

१९९६ च्या कायद्यामुळे बहुतेक ग्रीन कार्डधारकांना पहिली पाच वर्षं केंद्राचं मेडिकेड नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क अशी काही राज्यं स्वतःच्या पैशाने देतात. मुलं आणि गरोदर बायकांसाठी आणखी बऱ्याच राज्यांनी ही अट काढली आहे. व्हिजिटर व्हिसावरच्यांना यातलं काहीच लागू नाही, त्यांचा प्रवासी विमा ही वेगळीच जात.

६५ च्या पुढचे असतील तर सलग पाच वर्षं राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं. २०२५ मध्ये पार्ट बी महिना १८५ डॉलर होता आणि अमेरिकेतल्या कामाची ३० क्वार्टर्सही (नोकरीच्या नोंदलेल्या तिमाही) नसतील तर पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलचा भाग, ५१८. मुलाच्या नोकरीची क्वार्टर्स आईवडिलांना चालत नाहीत, हे कितीदा सांगितलं तरी कुणाला पटत नाही! नावनोंदणीला सात महिने मिळतात: पाच वर्षं पूर्ण होण्याचा महिना, आधीचे तीन आणि नंतरचे तीन. तो काळ चुकवला तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पार्ट बीचा हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, तोही कायमचा.

मधल्या काळात केंद्राच्या अनुदानावरची कम्युनिटी हेल्थ सेंटर्स. एचआरएसए या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर झिप कोड टाकला की जवळची दिसतात. तिथे बहुधा एनपी असतात, मेडिकेड-मेडिकेअर चालतं आणि विमा नसेल तर ऐपतीनुसार फी. दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत उत्पन्न असेल तर सवलत मिळते. २०२५ च्या आकड्यांनुसार ही मर्यादा दोघांच्या घराला वर्षाला ४२,३०० डॉलर होती. आता मेख: मुलाच्या घरी राहणाऱ्या आईवडिलांचं 'घर' दोघांचं धरायचं की सगळ्यांचं, हे प्रत्येक सेंटरचं धोरण ठरवतं. फॉर्म भरण्याआधी विचारा.

विस्कॉन्सिनहून

खेड्यापाड्यांत राहणाऱ्यांनी 'रूरल हेल्थ क्लिनिक' असा दर्जा असलेली जागा शोधावी. कायद्याने त्यांना कामाच्या निम्म्या वेळेत तरी एनपी, फिजिशियन असिस्टंट किंवा मिडवाइफ हजर ठेवावी लागते. शहरातल्यांना हे माहीतच नसतं.

टेक्ससहून

इथे एनपीला डॉक्टरशी लेखी करार केल्याशिवाय औषधं लिहिता येत नाहीत. तो डॉक्टर सोडून गेला तर नवा करार होईपर्यंत प्रिस्क्रिप्शन थांबतात. शेड्यूल दोनची (व्यसनाच्या धोक्यामुळे कडक नियंत्रण असलेली) औषधं, उदाहरणार्थ एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराच्या, स्टिम्युलंट गोळ्या, साध्या क्लिनिकमधली एनपी लिहू शकत नाही. मुलाला त्या चालू असतील तर पहिल्याच फोनवर विचारा, नाहीतर अपॉइंटमेंट फुकट. ॲरिझोना, वॉशिंग्टन, ऑरेगॉनमध्ये कराराची भानगड नाही.

पुन्हा न्यू जर्सी

एनपीआय रजिस्ट्रीबद्दल, म्हणजे डॉक्टर-नर्सांच्या सरकारी ओळख क्रमांकांच्या ऑनलाइन यादीबद्दल, कुणी लिहिलं नाही. गाव आणि 'नर्स प्रॅक्टिशनर' टाकलं की नोंद असलेल्यांची नावं, पत्ते, दहा आकडी नंबर फुकट मिळतात. तिथून विमा कळत नाही, पण तो नंबर मेंबर सर्व्हिसेसला सांगितला की नावांचा गोंधळ टळतो. प्लॅनच्या ऑनलाइन यादीत, बदल कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती व्हायला हवी असा नियम आहे. क्लिनिकने कळवलंच नाही तर यादी जुनीच राहते.

मॅसॅच्युसेट्सहून

आईला इंग्रजी येत नसेल तर अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषी मागा. केंद्राचा पैसा घेणाऱ्या क्लिनिकला तो फुकट द्यावा लागतो, बहुधा फोनवरून. 'इंडियन' म्हटलं की हिंदी दुभाषी जोडतात, म्हणून 'मराठी' हा शब्द नोंदवून घ्या. मेडिकेड असेल तर जाण्यायेण्याची गाडीही मिळते, फक्त काही दिवस आधी सांगावं लागतं.

बिलिंगवाली, परत एकदा

मधुमेही आईवडिलांसाठी एक राहिलं. मेडिकेअरवर मिळणाऱ्या खास बुटांच्या कागदावर सही मधुमेहाचा उपचार करणाऱ्या डॉक्टरचीच लागते, एनपीची चालत नाही. घरी नर्स पाठवण्याचा कागद मात्र २०२० पासून एनपी सही करू शकते. बूट हवे असतील तर एनपी निवडतानाच विचारून घ्या, त्या क्लिनिकात सही करणारा डॉक्टर आठवड्यातून कुठल्या दिवशी असतो.