मदत हवी आहे: कॅलिफोर्निया मिशन रोड ट्रिप, दोन दिवसांत काय जमेल?

मंजिरी_०७: शनिवारी पहाटे निघायचंय, अजून हॉटेल ठरलेलं नाही. लेकीचा चौथीचा मिशन प्रोजेक्ट आहे (मिशन म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांनी आदिवासींना ख्रिस्ती करायला वसवलेली जुनी ठाणी), शिवाय आईबाबा आलेत. दोन दिवसांत किती मिशन होतील? नेटवर वाचून डोकं भणभणलंय. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच लिहा प्लीज.

भटकभवानी: निघणार कुठून? सॅन डिएगो ते सोनोमा मिळून २१ मिशन आहेत.

चिमणराव: सॅन डिएगोपासूनच सुरू करा, पहिलं मिशन तेच, १७६९ चं. मग सॅन हुआन कॅपिस्ट्रानो. १८१२ च्या भूकंपात कोसळलेल्या दगडी चर्चचे अवशेष बघायलाच हवेत.

मंजिरी_०७: अहो, फ्रीमाँटहून निघणार! सॅन डिएगो कुठे राहिलं!

गवतीचहा: फ्रीमाँट? मग मिशन सॅन होजे गावातच आहे की. अर्ध्या तासात काम फत्ते.

मंजिरी_०७: ते बघून झालंय. तिच्या वाट्याला ला पुरिसिमा आलंय.

भटकभवानी: ताई, हे आधी सांगायचं ना! ते लोम्पॉकजवळ, १०१ हायवेने सलग गेलात तर साडेचार-पाच तास. शनिवारी वाटेत सॅन हुआन बाउटिस्टा आणि सॅन मिगेल करा, मुक्काम सॅन लुईस ओबिस्पोला. सॅन मिगेलची भिंतचित्रं मूळची आहेत, वेदीच्या वर ढगांतून रोखून बघणारा एक डोळा रंगवलाय, लेकीला दाखवाच. रविवारी ला पुरिसिमा. सॅन अँटोनियो या खेपेला सोडा, फार आडबाजूला आहे.

दर्यावर्दी: १०१ म्हणजे नुसती शेतं आणि ट्रक. बिग सरच्या किनाऱ्याच्या रस्त्याने जा! कार्मेलचं मिशनही होईल, ही मिशनं सुरू करणाऱ्या पाद्री हुनिपेरो सेराला तिथेच पुरलंय.

भटकभवानी: बरोबर ज्येष्ठ माणसं आहेत, तो रस्ता नुसता वळणांचा. दरड पडली की बंद होतो ते वेगळंच. जायचंच तर कॅलट्रान्सचं (राज्याचं रस्ते खातं) बघून निघा.

निंबोणी: सेराला २०१५ मध्ये संतपद दिलं, त्यावरून केवढा वाद झाला होता. बाप्तिस्मा झालेल्या आदिवासींना मिशन सोडून जायची मुभा नसे, पळाले तर सैनिक धरून आणत, वर फटके. ला पुरिसिमा तर १८२४ च्या बंडात तिथल्या चुमाश आदिवासींनी जवळपास महिनाभर ताब्यात ठेवलं होतं. प्रोजेक्टमध्ये हे येऊ द्या.

चिमणराव: चौथीच्या मुलीला हे कशाला?

निंबोणी: आपल्याला चौथीतच अफझलखानाचा कोथळा होता, विसरलात?

चिमणराव: 😀 ते वेगळं.

खारुताई१२: मॉडेलच्या कौलांना लाझान्याच्या पट्ट्या वापरा, रंगवल्या की हुबेहूब दिसतात. तयार किट आणू नका.

मंजिरी_०७: मॉडेल नाहीये, रिपोर्ट आहे! बाबांना दोन तासांच्या वर बसवत नाही, तेही सांगायचं राहिलं. ला पुरिसिमाला बघण्यासारखं काय काय आहे?

गवतीचहा: तो स्टेट पार्क आहे. मूळचं पडझड झालेलं, १९३० च्या दशकात सीसीसी या सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी मातीच्या विटा पाडून पुन्हा उभारलं. चर्चपेक्षा कामाच्या जागा बघा: माग, चरबी वितळवायच्या कढया. गुरांची कातडी आणि चरबी, यावरच मिशनचा व्यापार चाले. मेंढ्या-गाढवंही आहेत. पायवाटा मातीच्या आहेत, बाबांना बूट घालायला सांगा.

वसईकर: एवढं लांब कशाला? आमच्या वसईच्या किल्ल्यात चर्चचे अवशेष आहेत. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या घंटा आपल्या देवळांत गेल्या. मेणवलीची पाहिलीय का कुणी?

दर्यावर्दी: ते पोर्तुगीज हो, इथे स्पॅनिशांचं चाललंय.

वसईकर: घंटा ती घंटाच.

भटकभवानी: बाबांसाठी सॅन हुआन बाउटिस्टाला तासभर थांबा. समोर हिरवळीचा चौक आहे, डबा तिथेच खा. चर्चच्या कडेनेच सॅन अँड्रियास भूभंग (भूकंप घडवणारी जमिनीतली भेग) जातो, लेकीच्या रिपोर्टला एक परिच्छेद आयता मिळेल.

मंजिरी_०७: सॅन लुईस ओबिस्पोला दोन खोल्या घेतल्या. गाडी इलेक्ट्रिक आहे, सॅन मिगेलच्या आधी चार्जिंग कुठे करू?

चिमणराव: म्हणून मी कायम हायब्रिडच घ्या म्हणतो.